माथेरानच्या रुळांना दाते नाहीत
निलगिरीच्या (उटीच्या) गाडीसारखी माथेरानची गाडीही दातेरी रुळावर चढते, असे म्हटले जाते; ते मात्र बरोबर नाही. आपण ठाणेकर कर्जत लोकलने नेरळला उतरून जी गाडी पकडतो, ती १९०७ सालची, रुळांमध्ये २ फुटांचे अंतर असलेली असून केवळ तीव्र वळणे घेत १:२० चा (२० फुटांमागे १ फूट) चढ चढते. दातेरी मार्ग भारतात एकच, निलगिरीचा, आणि तोही मीटर गेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला. तेथे कल्लार स्थानकाच्या पुढे रुळांच्या मधोमध दोन दातेरी पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असून, एकीच्या दात्यासमोर दुसरीची खाच येते, त्यामुळे इंजिनाच्या दंतचक्राची पकड क्षणभरही सुटत नाही. ही रचना अवश्य वाकून पाहावी. चढताना इंजिन मागून ढकलते, म्हणून समोरचा घाट पाहायचा असेल तर पहिल्याच डब्यातली जागा धरावी.