रॉबर्टसनला 'ग्रेट' म्हणणं बंद करा

ब्लॅकबॉल: ऑस्ट्रेलियाच्या स्नूकरपटू नील रॉबर्टसनला लोक उगाच डोक्यावर घेतात. लाँग पॉट (लांबून बॉल खिशात घालणं) देखणे, मान्य. पण 2010 ला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला आणि त्यानंतर क्रुसिबलला, म्हणजे शेफील्डच्या ज्या थिएटरात ती होते तिथे, एक फायनल नाही. मधली काही वर्षं व्हिडिओ गेमच्या नादात घालवली, हे त्यानेच कबूल केलंय. वर क्रुसिबलची जागा अडचणीची म्हणून कुरकुर. नाचता येईना अंगण वाकडं.

डावखुरा: हे वाचून चहा गार झाला माझा. अंगण वाकडं नाही हो, अरुंद आहे. सेमीपर्यंत मधे पार्टिशन टाकून दोन टेबलं कोंबलेली असतात, पलीकडे टाळ्या पडल्या की इकडे शॉटसाठी वाकलेला खेळाडू उठून उभा राहतो. त्याच जागेत 2010 ला मार्टिन गूल्डविरुद्ध फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे एक डाव) 5-11 मागे असताना त्याने मॅच 13-12 ने काढली आणि मग फायनलला डॉटला 18-13. वर्ल्डखालोखालच्या दोन मोठ्या स्पर्धा, मास्टर्स दोनदा, यूके तीनदा, त्यातल्या 2015 च्या यूके फायनलमध्ये 147, म्हणजे एका फ्रेममधला कमाल ब्रेक. 2013-14 ला एका सीझनमध्ये शंभरावर सेंच्युरी (टेबल न सोडता सलग शंभर पॉइंट), त्याआधी कोणी केल्या होत्या सांगा. आणि हे सगळं मेलबर्नहून पाचशे पौंड घेऊन केंब्रिजला येऊन. बाकीचे इंग्लंडवाले हरले की रात्री आईच्या हातचं जेवतात, याची आई फायनल बघायला विमानाने आली होती.

डोंबिवलीकर: पाचशे पौंड घेऊन पोराला पाठवलं हेच मोठं. आमच्याकडे स्नूकर पार्लरच्या दाराशी चपला काढायला लागायच्या. बाबांनी जिन्यात माझी चप्पल ओळखली, तुटलेला अंगठा दोऱ्याने शिवलेली. वर आले, मार्करला (टेबल सांभाळणारा, स्कोअर मांडणारा) तासाचे पैसे दिले आणि घरापर्यंत एक शब्द नाही. बारावीला होतो. त्यानंतर क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरला नाही.

जिमखानाकाका: बाबा बरोबर होते. पार्लरला बेटिंग चालायचं, नाव खराब होतं ते उगाच नाही. खेळायचं तर जिमखान्यात खेळावं.

डोंबिवलीकर: मेंबरशिप काय तुम्ही भरणार होतात? तुमच्यासारख्यांच्याच एका जिमखान्यात मार्करचा पोरगा अख्ख्या मेंबरांना हरवेल असा होता, पण त्याला टेबलाला हात लावायची परवानगी फक्त रात्री कव्हर घालताना. संध्याकाळी काका लोक एक फ्रेम दीड तास खेळणार, त्यात पाऊण तास गप्पा.

जिमखानाकाका: तोंड सांभाळून. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला, 1958 ला बिलियर्ड्सचा जागतिक अमॅच्युअर चॅम्पियन. आदित्य मेहता मुंबईचा, 2013 ला इंडियन ओपनची फायनल. हे काय आकाशातून पडले?

डोंबिवलीकर: ती फायनल चीनच्या डिंगकडून 0-5 हरला.

जिमखानाकाका: पोचला ना? तुम्ही जिन्यातून परत गेलात.

डावखुरा: काका, हे जरा खालच्या पातळीचं झालं.

ब्लॅकबॉल: धागा रॉबर्टसनचा आहे की चपलेचा?

डावखुरा: तुमच्याकडे उत्तर नाही म्हणून चप्पल खुपतेय. 2024 ला रॉबर्टसन रँकिंगमध्ये टॉप 16 च्या बाहेर गेला, क्रुसिबलला क्वालिफायसुद्धा झाला नाही, तेव्हा तुमच्यासारखे 'संपला' म्हणत होते. त्याच वर्षी इंग्लिश ओपन जिंकली, आणि 2025 ला सौदीत फायनलला ओ'सलिव्हनसारख्या दिग्गजाला 10-9 ने हरवलं. पाच लाख पौंड. हे संपलेल्या माणसाचं लक्षण?

ब्लॅकबॉल: बरं बाबा, ग्रेट. आरती ओवाळू का? पण सेल्बी आणि हिगिन्सची चार-चार वर्ल्ड टायटलं आहेत. त्यांच्या पंगतीत नको, याची पत्रावळ दाराशी मांडा.

डावखुरा: दाराशी तर दाराशी. निदान जेवला तरी. एडी चार्लटन बिचारा 1975 ची वर्ल्ड फायनल मेलबर्नमध्येच, घरच्या लोकांसमोर, रिअर्डनकडून 30-31 ने हरला. ऑस्ट्रेलियाचाच तो पण.

डोंबिवलीकर: दोरा नाही हो, तार होती चपलेला. आता आठवलं.