चौकशी करणारा कोणाचा माणूस? (घरच्या ग्रुपवरील चर्चा)

आत्या: नाना, ओबामांच्या काळात अमेरिकेच्या करखात्याने सरकारविरोधी मतांच्या संघटनांचे करमाफीचे अर्ज मुद्दाम अडवून ठेवले, हा आरोप माझ्या वाचनात आला होता, परंतु तिथल्या लोकप्रतिनिधींनी स्वतंत्र चौकशीचा ठराव मंजूर करूनही तशी चौकशी झाली नाही, हे कसे? सभागृहाचा ठराव सरकारला पाळावा लागत नाही का?

नानाकाका: हा ठराव बंधनकारक नव्हता. ७ मे २०१४ रोजी प्रतिनिधिगृहाने तो २५० विरुद्ध १६८ मतांनी संमत केला आणि ओबामांच्या स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षातील २६ सदस्यांनीही बाजूने मत दिले, त्यामुळे तो निव्वळ विरोधकांचा कांगावा होता असे म्हणता येत नाही. मात्र त्यात अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एरिक होल्डर यांना विशेष वकील (स्वतंत्रपणे तपास करणारा सरकारी वकील) नेमण्याचे आवाहन होते आणि नेमणुकीचा अधिकारही त्यांचाच होता. अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ साली झालेल्या कायद्यानुसार असा वकील न्यायाधीशांचे पीठ नेमत असे; परंतु रेगन यांच्या काळात रिपब्लिकनांना आणि क्लिंटन यांच्या काळात डेमोक्रॅटांना त्याचा चांगलाच चटका बसल्यामुळे १९९९ मध्ये मुदत संपल्यावर त्या कायद्याला कोणी वाली उरला नाही.

दादा (सिनसिनाटी): मूळ प्रकार आमच्याच शहरातल्या कचेरीत घडला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘५०१(सी)(४)’ या कलमाखाली समाजहिताचे काम करणाऱ्या संस्थेला करमाफी मिळते आणि तिला देणगीदारांची नावे जाहीर करावी लागत नाहीत. राजकारण तिला वर्ज्य नसते, पण ते तिचे मुख्य काम असता कामा नये. ही मर्यादा कशी मोजायची, याचा धड नियम नव्हता. त्यामुळे २०१० पासून इथल्या कर्मचाऱ्यांनी नावात ‘टी पार्टी’ (ओबामाविरोधी उजवी चळवळ), ‘पेट्रियट्स’ किंवा ‘९/१२’ असे उजव्या गटांचे शब्द असलेले अर्ज बाजूला काढायला सुरुवात केली. खजिना खात्याचे महानिरीक्षक जे. रसेल जॉर्ज यांच्या मे २०१३ च्या अहवालानुसार तपासलेल्या २९८ अर्जांपैकी ९६ अर्जांत यांपैकी एखादे नाव होते, आणि निर्णयाविना पडून राहिलेले १६० अर्ज २०६ ते १,१३८ दिवस रखडले होते. काही संस्थांकडे तर देणगीदारांची यादीही मागितली गेली, जिची गरजच नव्हती.

नानाकाका: विक्रीकर खात्यात नोकरी झाल्यामुळे मला एवढे नक्की सांगता येईल की, छाननीसाठी फायली निवडाव्याच लागतात, सगळ्या तपासायला कोणत्याच कचेरीत माणसे नसतात. पण निवडीचा निकष संस्थेच्या व्यवहारावर ठरतो, तिच्या पाटीवर नाही. शिवाय खात्याने नंतर जे केले त्याने संशय वाढतच गेला. करमाफीचे अर्ज पाहणाऱ्या विभागाच्या प्रमुख लोइस लर्नर यांनी अहवाल प्रसिद्ध होण्याच्या चार दिवस आधी वकिलांच्या एका सभेत, आधी ठरवून विचारायला लावलेल्या प्रश्नाच्या उत्तरात माफी मागितली. पुढे त्यांनी संसदीय समितीपुढे प्रश्नांची उत्तरे देण्यास नकार दिला, जो त्यांचा घटनादत्त हक्क होता. आणि जून २०१४ मध्ये खात्याने कळवले की, २०११ साली हार्ड डिस्क बिघडल्यामुळे त्यांचे अनेक ईमेल गेले आहेत. त्यात या प्रकरणाचा तपास करणाऱ्या न्याय खात्याच्या पथकातील एका वकिलांनी ओबामांच्या प्रचाराला देणगी दिल्याचे उघड झाले. अशा तपासावर विरोधी पक्षाने विश्वास ठेवावा तरी कसा?

वहिनी: नानाकाका, तुमचे म्हणणे मला निम्मेच पटते. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच महानिरीक्षकांच्या कार्यालयाने दुसरा अहवाल दिला, आणि त्यात ‘प्रोग्रेसिव्ह’, ‘ऑक्युपाय’ अशा डाव्या वळणाच्या नावांचेही अर्ज त्याच पद्धतीने वेगळे काढल्याचे दिसले. मग खाते एका पक्षाविरुद्ध होते की फक्त आळशी आणि अडाणी होते? २०१३ चा अहवाल टी पार्टीच्या तक्रारींवरून सुरू झाला, म्हणून त्याने तेवढेच पाहिले. चौकशी कोण करतो याबरोबरच तिच्यापुढे प्रश्न कोण ठेवतो, हेही पाहायला नको का?

दादा (सिनसिनाटी): वहिनीचा मुद्दा रास्त आहे, पण त्रास दोन्हीकडे सारखाच झाला असे मात्र त्या अहवालावरून ठरत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने उजव्या संघटनांचे दावे तडजोडीने मिटवले आणि त्यांची माफीही मागितली.

नानाकाका: सूनबाई, तुझा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या मते तो स्वतंत्र चौकशीच्याच बाजूने जातो, कारण खरोखर स्वतंत्र वकील असता तर त्याने दोन्ही बाजूंच्या फायली पहिल्याच वर्षी मागवल्या असत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्याय खात्याने कारभार गलथान होता, पण गुन्हा घडला नाही, असे सांगून तपास बंद केला, तेव्हा हा ओबामांच्या माणसांचा निकाल आहे म्हणून रिपब्लिकनांनी तो झिडकारला. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या न्याय खात्यानेही लर्नर यांच्यावरील प्रकरण पुन्हा उघडण्यास नकार दिला. हेच उत्तर कोणाचाही मिंधा नसलेल्या माणसाकडून २०१४ मध्ये आले असते, तर मधली तीन वर्षे सुनावण्या आणि करखात्याचे तेव्हाचे नवे आयुक्त जॉन कॉस्किनेन यांच्यावरील महाभियोगाचे प्रयत्न यांत गेली नसती.