आधी जुने लेआऊट भरा, मग वावरं मागा

कास्तकार_हिंगणा:
परवा इथं एका साहेबांनी लिहिलं: "हिंगण्याकडची जमीन तशीही पडीक. कोरडवाहू कापूस-तुरीत शेतकरी कर्जातच जातो. तिथं नवं शहर झालं तर भलं त्याचंच. विरोध करणारे फक्त भाव वाढवून मागताहेत." सोडून देणार होतो, पण 'पडीक' वाचून डोकं फिरलं.
साहेब, एप्रिलमध्ये गाडीच्या काचेतून विदर्भातलं कोणतंही कोरडवाहू वावर पडीकच दिसतं. ऑक्टोबरमध्ये खाली उतरून पाहा. आणि भावाचं म्हणाल तर सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यात गोधनी-लाडगाव शिवारातल्या ज्या सुमारे 692 हेक्टरवर 'नवीन नागपूर' या नव्या शहराला मंजुरी दिली, त्यात माझा एक गुंठा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गावाभोवती आधीच प्लॉट पाडून ठेवलेले लेआऊट अर्ध्याहून जास्त रिकामे आहेत. गेट आहे, गेटवर देवाचं नाव आहे, प्लॉटचे दगड आहेत, आत बाभळी. ती जमीन पिकातूनही गेली अन् घरातूनही. आधी ती भरा.

नकाशावाली:
दादा, ते लेआऊट रिकामे का राहिले हे पण लिहा ना. सुटे सुटे पाडले म्हणून. पाच एकर याचे, आठ एकर त्याचे, एकाचा रस्ता दुसऱ्याच्या कुंपणाला जाऊन थांबतो. सांडपाण्याची लाइन कोणालाच नाही. आधी पंगत बसवायची आणि मग चुलीला लाकडं शोधायची, असा सगळा कारभार. मोठा पट्टा एकदम आखला तर नाला, उतार आणि रस्ते घरांच्या आधी ठरतात. 23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा नागनदीकाठच्या वस्त्यांचं काय झालं ते आठवा. पाण्याची वाट अडवली की पाणी घरात येतं. तुमचा राग नियोजन नसण्यावर आहे आणि झोडपताय नियोजनालाच.

निवृत्त_गुरुजी:
'भरा' म्हणणं सोपं आहे. मी मास्तरकीच्या पगारातून हप्ते भरून प्लॉट घेतला. विकणाऱ्यानं वावराचे तुकडे पाडले होते, एनए म्हणजे बिगरशेतीची परवानगी नव्हती, हे रजिस्ट्रीनंतर कळलं. असे प्लॉट नियमित करणारा 2001 चा गुंठेवारीचा कायदा आला तेव्हा अर्ज केला, शुल्काची डिमांड भरली, आरएल म्हणजे नियमित केल्याचं पत्र हातात आलं. रस्ता मात्र अजून नकाशावरच. पावसाळ्यात माझ्या प्लॉटवर जायला चप्पल हातात घ्यावी लागते. तिथं घर बांधून मी म्हातारपणी चिखल तुडवू काय?

कास्तकार_हिंगणा:
गुरुजी, तुमच्यासारख्यांनी प्लॉट घेतले तेव्हा तिथं लोकांची तूर उभी होती. चिखल कोणाच्या वावराचा हेही पाहा.

निवृत्त_गुरुजी:
मी कोणाच्या गळ्यावर सुरी ठेवून घेतला नाही. विकणारा कास्तकारच होता. त्याच पैशातून त्यानं ट्रॅक्टर घेतला आणि पोराचं लग्न केलं.

जागल्या:
मले त विकाचीच हाय बाप्पा जमीन. कोनी घेते का सांगा. वर बसून 'वावर वाचवा' लिवनाऱ्यांनो, एक रात्र जागलीले या. रोही, म्हंजे नीलगाय, झुंडीनं येते, हरबरा चरते आन उरलेला तुडवते. डुकरं त भुईमुगाचं तासच्या तास उखरून टाकते. वरून पोरीचा बाप पयले विचारते, नोकरी हाय का? वावर किती हे कोनी विचारत नाई. मोबदला देनार असन त आज सही करतो.

संत्री_काटोल:
कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं झटका मशीन लावा ना भाऊ. सोलरवालं येतं.

जागल्या:
लावलं ना बे. बॅटरी चोरीले गेली. आन डुक्कर ताराखालून माती उकरून येते, त्याले झटक्याचं सोयरसुतक नाई.

संत्री_काटोल:
खालची तार जमिनीपासून वीतभरावर घ्यायची. गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, मशीन सुरू असून नसल्यासारखंच. धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत आधी काढा, मग मशीनला नाव ठेवा.

जागल्या:
धुऱ्यावरचं गवत मी काढीन. बाजूच्या लेआऊटमधलं कोन काढन? तेथं पुरुषभर गाजरगवत हाय. मालक पुन्याले, मुंबईले. दिवसा डुकरं तेथं झोपते, रातच्याले माया वावरात जेवाले येते.

कास्तकार_हिंगणा:
हेच तर! रिकामा लेआऊट नुसता रिकामा नसतो, चारही बाजूच्या वावरांची वाट लावतो. नुकसानीचा अर्ज केला तर पंचनामा होईपर्यंत पीक कापायचं नाही म्हणतात. तोवर उरलेलंही डुकरं नेतात.

संत्री_काटोल:
आमच्याकडे माकडं. संत्र्याचा बार फुटला की यांची पंगत. त्यावर कोणी बोलत नाही.

मौदा_धानवाला:
डुकरं-माकडं होत राहतील. पाणी कुठून आणणार ते सांगा. नागपूर पाणी पिते पेंचचं अन् कन्हानचं. मध्यप्रदेशात चौराई धरण झालं, पेंचवरच्या आपल्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी कमी झालं, 2019 च्या पावसाळ्यात खुद्द शहरात दिवसाआड नळ आले होते. तेव्हा रामटेक-मौद्याच्या धानाचं काय झालं कोणी विचारलं? शहर हिंगण्यात, प्लॉट पुण्यावाल्याचा, पाणी आमच्या कालव्याचं. वा रे नियोजन.

नकाशावाली:
पाण्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. सांडपाणी शुद्ध करून बागा, बांधकाम आणि कारखान्यांना देता येतं. पण पिण्याचं पाणी तेवढ्यानं भागत नाही. डुकरांचंही मान्य. नगररचना शिकताना हा विषय कोणी शिकवला नाही, मंडळींनी आज फुकटात शिकवला, आभार. पण जागल्या भाऊ विकायला तयार आहेत, त्यांना तुम्ही सगळे थांबवणारे कोण?

कास्तकार_हिंगणा:
थांबवतो कोण? कोणती जमीन घेता ते तरी बघा, असं म्हणतोय. जुन्या माणसांनी गाव पांढरीवर वसवलं अन् काळी पिकाला सोडली. भारी काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन पावसाळ्यांत भिंत चिरते. म्हणजे जी जमीन कापसाच्या पऱ्हाटीला सोनं, तीच घराला खोटी. मुरमाड बरडावर बांधा की! पिकतही नाही, पायाही उथळ लागतो. पण बरड रस्त्यापासून लांब. नकाशात रेघ ओढणाऱ्याला माती दिसत नाही, हायवे दिसतो.

नकाशावाली:
मातीचा नकाशा आखणीच्या आधी टेबलावर हवा, यात वाद नाही. घ्या, दिला एक मुद्दा. मात्र सगळीकडे सलग बरड मिळत नाही. तुकड्या-तुकड्यानं बरड शोधत बसलो तर परत तुमचे सुटे लेआऊट.

वकील_वर्धा:
भावावर थोडं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीची अर्धी घेऊन सरासरी काढतात. ती, नाहीतर रेडीरेकनर म्हणजे सरकारी दर, जे जास्त असेल ते धरतात. ग्रामीण गुणकानं ती दुपटीपर्यंत जाते, आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम. 'चौपट' म्हणतात ते यातून. आता मजा बघा. शिवारात खरा भाव एक आणि रजिस्ट्री रेडीरेकनरवर, बाकी रोख. मुद्रांक वाचवायला सगळ्यांनीच केलं. मग संपादनात सरासरी कशी वर जाणार? चौपट होते ती खोट्या किमतीची.

जागल्या:
म्हंजे आमीच चोर?

वकील_वर्धा:
तुम्ही एकटे नाही. घेणाराही.

निवृत्त_गुरुजी:
मी पूर्ण चेकनं घेतला होता, नोंद असू द्या.

नकाशावाली:
म्हणूनच रोख मोबदल्यापेक्षा टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना बरी. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते-मैदानं-गरिबांची घरं काढून साधारण निम्मा, पण विकसित प्लॉट मूळ मालकाला परत. पुण्याची मगरपट्टा सिटी तर शेतकऱ्यांनीच केली. हडपसरच्या शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले.

कास्तकार_हिंगणा:
मगरपट्टा पुण्यात आहे ताई. बाजूला कंपन्या होत्या, घर घेणारं गिऱ्हाईक होतं. अमरावतीचं पण सांगा, आपली नाही, आंध्राची नवी राजधानी. 2015 मध्ये तीस हजारांहून जास्त एकर लोकांनी विश्वासावर दिली. 2019 ला सरकार बदललं, राजधानीच तीन ठिकाणी करतो म्हणाले. हातात प्लॉटचा कागद, समोर गवत. काम परत धरलं ते 2024 नंतर. मधल्या वर्षांत शेतकऱ्यानं काय पेरायचं, तो कागद?

सालदाराची_लेक:
इतका वेळ वाचून राहिली. सातबारावाला, प्लॉटवाला, नकाशावाली, वकील, सगळे बोलले. माझा बाप सालदार होता, मालकाकडे सालाच्या बोलीवर राबणारा. आमचं नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही. वावर गेलं की मालकाला मोबदला, निंदण-वेचणीच्या बायांना काय? तुमच्या त्या अमरावतीत भूमिहीन घरांना महिना 2,500 रुपये पेन्शन तरी ठरवली होती. इथं कोणाच्या तोंडून शब्द आला का? ठेक्यानं वावर करणाऱ्याचा तर कागदच नसतो.

जागल्या:
ताई, त्या टॉवरमदी कामं भेटतीन ना.

सालदाराची_लेक:
धुणीभांडी. माहीत आहे. तू कर.

संत्री_काटोल:
ताईला काय बोलतो बे? जरा तोंड सांभाळ.

जागल्या:
मी वाईट नाई बोललो. मायी माय पन वेचाले जाते लोकाइच्या वावरात. रागात निंगालं.

नकाशावाली:
ताईंचा मुद्दा माझ्या निम्मा-निम्मा हिशोबात कुठंच बसत नाही, हे खरं आहे. टीपी स्कीम सातबाऱ्यापासून सुरू होते. ज्याचा सातबारा नाही तो तिच्यात नाहीच.

कास्तकार_हिंगणा:
चला, एवढं तरी निघालं तोंडून. बाकी साहेब कुठं गेले, 'पडीक'वाले?

वकील_वर्धा:
ते येणार नाहीत. कामाचं सांगतो. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीला 30 दिवस मिळतात. इथं लिहिलेलं कोणी वाचत नाही. कागदावर लिहा, गट नंबर टाका, पोच घ्या. पांदण, म्हणजे वावरात जायची वाट, नकाशात दाखवली आहे का ते आधी तपासा. हमखास गाळतात, आणि मागचं वावर कोंडलं जातं.

जागल्या:
हरकतीत डुकराचं लिवता येते का?

वकील_वर्धा:
लिहा. रिकाम्या प्लॉटची साफसफाई कोणाकडे, असं विचारा. 'डुक्कर' शब्द दुसऱ्या ओळीत टाका, पहिल्या नको.

मौदा_धानवाला:
अन् पाण्याचं?

वकील_वर्धा:
ते तुम्ही लिहा भाऊ. तुमची सही हिंगण्याच्या मसुद्यावर चालते का, ते बघतो.