घरच्या रंगकामाचे ब्रश धुऊनही कडक का होतात?

अंगणवेल

नमस्कार. गणपतीपूर्वी आम्ही घरच्या घरी खिडक्यांच्या लोखंडी ग्रिलना ऑइलपेंट आणि मागच्या खोलीच्या भिंतींना इमल्शन असे दोन्ही रंग दिले. काम मनासारखे झाले, परंतु ब्रशांची अवस्था पाहून फार वाईट वाटले. ऑइलपेंटचे दोन ब्रश काम संपल्यावर टर्पेंटाइनच्या उघड्या डब्यात उभे करून ठेवले होते. चार दिवसांनी पाहिले, तर टर्पेंटाइन बरेचसे उडून गेलेले, केस एका बाजूला वाकून तसेच राहिलेले आणि तळाशी रंगाचा चिकट थर साचलेला. इमल्शनचा चार इंची ब्रश मात्र मी त्याच संध्याकाळी नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला होता. तरीही वाळल्यावर त्याचे केस पत्र्याच्या पट्टीजवळ लाकडासारखे कडक झाले आहेत आणि टोके पिंजारली आहेत.

दिवाळीपूर्वी दारे रंगवायची आहेत. धुऊनही असे का झाले, हे ब्रश पुन्हा वापरता येतील का, पहिला हात वाळून दुसरा हात देईपर्यंत ब्रश कसा ठेवावा आणि वापरलेल्या टर्पेंटाइनचे काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

दुसरा हात

माझे वडील रंगकामाची छोटी कंत्राटे घेत असत आणि शाळेच्या सुट्टीत ब्रश धुण्याचे काम माझ्याकडे असे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आपला इमल्शनचा ब्रश संध्याकाळी धुतला गेला, पण त्याच्या मुळाशी शिरलेला रंग बहुधा दुपारीच सुकला होता. ब्रश पट्टीपर्यंत रंगात बुडवला की रंग केसांच्या मुळाशी चढतो आणि पंख्याच्या वाऱ्यात किंवा उन्हात तासाभरात तिथेच धरू लागतो. नळाखाली धरल्यावर टोकांचा रंग निघतो, पाणी स्वच्छ दिसू लागते आणि ब्रश धुतला गेला असे आपल्याला वाटते. म्हणून ब्रश केसांच्या निम्म्याहून जास्त कधीही बुडवू नये. काम सुरू करण्यापूर्वी तो इमल्शनसाठी पाण्यात आणि ऑइलपेंटसाठी टर्पेंटाइनमध्ये भिजवून नीट झटकून घ्यावा, म्हणजे मुळाशी आधीच ओल राहते आणि रंगाला तिथे शिरायला फारशी जागा मिळत नाही. दिवसभराचे काम असेल तर जेवणाच्या सुट्टीत एकदा धुऊन घेणे उत्तम.

धुण्यापूर्वी ब्रश डब्याच्या काठावर निथळावा आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओढून ओढून उरलेला रंग काढावा; निम्मे काम इथेच होते. नंतर बादलीत पाणी घेऊन केसांना कपड्यांच्या साबणाची वडी लावावी आणि ब्रश तळहातावर गोल फिरवावा. आता अंगठा पट्टीच्या अगदी कडेला दाबून केस एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वाकवून पाहावेत. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या ब्रशातून त्या वेळी तळहातावर दुधासारखी पांढरी रेघ उतरते. ती रेघ यायची थांबेपर्यंत साबण आणि पाणी चालू ठेवावे. वडील ब्रश माझ्याकडून परत घेताना अंगठ्याने हेच तपासत असत. नळाखाली धरताना केस खालच्या दिशेला असावेत, कारण ब्रश उलटा धरला तर सुटलेला रंग पाण्याबरोबर पट्टीत जाऊन बसतो. मुळाशी अडकलेले कण जुन्या फणीने वरून खाली विंचरून काढावेत. शेवटी ताक घुसळताना रवी फिरते तसा दांडा दोन तळहातांत धरून बादलीच्या आत गरगर फिरवावा, म्हणजे पाणी उडून जाते आणि केस मोकळे होतात.

ऑइलपेंटच्या ब्रशाला एकदम वाटीभर टर्पेंटाइन ओतण्यापेक्षा थोडे थोडे तीन वेळा घ्यावे. पहिले गढूळ होते, दुसरे कमी, तिसरे जवळजवळ स्वच्छ राहते. त्यानंतर साबण-पाण्याची धुणी करावीच, नाहीतर केसांवर तेलकटपणा राहतो. रॉकेल स्वस्त पडते म्हणून काही जण ते वापरतात, पण त्याचा ओशटपणा सहज जात नाही आणि पुढच्या रंगात उतरतो. पेट्रोल तर कधीही वापरू नये. टर्पेंटाइनचे कामही मोकळ्या हवेत, गॅसची शेगडी आणि देवाजवळचा दिवा यांपासून दूर करावे.

गढूळ टर्पेंटाइन काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून, वर चिठ्ठी चिकटवून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी आठवडाभर ठेवावे. रंग तळाशी बसतो. वरची निवळ हलकेच दुसऱ्या बरणीत ओतून घेतली की पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालते. उरलेला गाळ मोरीत किंवा गटारात ओतू नये. महापालिका किंवा नगरपरिषद घरातला घातक कचरा वेगळा घेते, त्यात तो द्यावा.

निवळशंख

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून केवळ कारण जोडते.

इमल्शनमध्ये पाण्यात विखुरलेले बहुवारिकाचे (पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) अतिसूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा बनतो आणि मग तो पाण्याने सुटत नाही. तसे झाले नसते तर रंगवलेली भिंत पुसताच आली नसती. ऑइलपेंटमधले टर्पेंटाइन आधी उडते, परंतु रंग खरा पक्का होतो तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन. म्हणूनच जुने रंगारी ऑइलपेंटचा ब्रश दोन हातांच्या मध्ये रात्रभर चक्क पाण्यात ठेवतात. पाण्यात तो रंग विरघळत नाही आणि हवाही लागत नाही. सकाळी पाणी पूर्ण झटकून, कापडाने टिपून मग काम सुरू करावे. मात्र ब्रश तळाला टेकू देऊ नये. दांड्याला छिद्र पाडून तार ओवावी आणि ती डब्याच्या तोंडावर आडवी ठेवून ब्रश लोंबकळत ठेवावा. आपले केस वाकले ते चार दिवस टोकांवर भार पडल्यामुळे. इमल्शनचा ब्रश काही तासांसाठी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला तरी पुरतो.

दारांना जवसाचे तेल लावण्याचा विचार असेल, तर त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ती बोळ्यात साठली तर चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खाडीकाठ

आम्ही कोकणात राहतो. इथल्या दमट हवेत ओला ब्रश उभा ठेवला की पाणी पट्टीत उतरते, पत्रा गंजतो आणि पुढच्या वेळी पांढऱ्या रंगात तांबूस रेषा उमटतात. त्यामुळे ब्रश केस खाली करून सावलीत टांगून पूर्ण वाळवावा आणि मग केसांना हाताने आकार देऊन कागदात गुंडाळावा. नैसर्गिक केसांच्या ब्रशाला कसर लागते, म्हणून डब्यात एखादी डांबरगोळी ठेवावी. हे केस पाणी पिऊन मऊ पडतात, तेव्हा ते ऑइलपेंटसाठी राखावेत आणि इमल्शनसाठी कृत्रिम धाग्यांचा ब्रश घ्यावा.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. चार इंची ब्रश नैसर्गिक केसांचाच निघाला. कडक झालेले ब्रश वाचवण्याविषयी कोणी सांगू शकेल का?

दुसरा हात

इमल्शनच्या ब्रशासाठी पांढरे व्हिनेगर कोमट करून त्यात केस पट्टीपर्यंत अर्धा ते एक तास बुडवावेत आणि रंग मऊ झाल्यावर फणीने विंचरून साबणाने धुवावे. एकदा न सुटल्यास पुन्हा करावे. ऑइलपेंट पूर्ण वाळला असेल तर टर्पेंटाइनने तो फारसा हलत नाही. पेंट रिमूव्हर लागतो, तोही हातमोजे घालून आणि उघड्यावर. त्या दोन ब्रशांची किंमत पाहता मी एवढा खटाटोप करणार नाही. केस थोडे जरी मोकळे झाले तरी पॉलिशपेपर मारल्यानंतर दारांच्या खाचांतली धूळ झटकण्यासाठी ते ठेवावेत आणि दारांना नवा दोन इंची ब्रश घ्यावा. चार इंचीवर मात्र मेहनत घ्या. अंगठ्याने दाबल्यावर मुळाशी करकर लागली नाही, तर तो वाचला असे समजावे.

अंगणवेल

काल दोनदा व्हिनेगर केले. मधला भाग मोकळा झाला, पण कडेचे बोटभर केस अजून करकरतात. आज तिसऱ्यांदा भिजत घातला आहे.