सुदानच्या युद्धाला 'यादवी' म्हणायचं का?

खडकवाट
आपली वर्तमानपत्रं सुदानबद्दल 'यादवी' लिहून मोकळी होतात. यादवी म्हणजे आपसात लढून कुळाचा नाश. पण सुदानी माणसांनी कुणाशी भांडण काढलं होतं? याच लोकांनी 2019मध्ये लष्कराच्या मुख्यालयासमोर ठाण मांडून हुकूमशहा ओमर अल-बशीरला घालवलं. ऑक्टोबर 2021मध्ये जनरल बुरहान आणि हेमेटी यांनी मिळून मुलकी सरकार उलथवलं, आणि 15 एप्रिल 2023ला तेच दोघे एकमेकांवर उलटले. बुरहानकडे लष्कर, हेमेटीकडे आरएसएफ हे निमलष्करी दल. एक कोटीहून जास्त लोक घरदार सोडून गेले. यादवी म्हटलं की खापर त्यांच्याच माथी फुटतं. माझ्या मते हा शब्द टाकून द्यावा.

माळरान
नाही पटलं. दोघांचं भांडण हे राजधानी खार्टूमपुरतं ठीक आहे, पश्चिमेकडच्या दारफुर प्रांतात ते पुरत नाही. तिथे गुरं राखणारे आणि शेती करणारे यांच्यात पाण्यावरून, जमिनीवरून जुनी तेढ आहे. 2003नंतर गावं जाळणारे जंजावीद नावाचे हत्यारबंद अरब टोळीवाले तिच्यावरच पोसले गेले आणि 2013मध्ये त्यांचीच आरएसएफ झाली. 2023मध्ये दारफुरातल्या अल-जनीना शहरात मसालीत या बिगर-अरब जमातीच्या लोकांना वेचून मारलं. बाया पोरं कडेवर घेऊन शेजारच्या चाड देशातल्या आद्रे गावापर्यंत चालत गेल्या. मारणाऱ्यांत आसपासच्या अरब टोळ्याही होत्या. ही यादवी नाही तर काय?

खडकवाट
तेढ मान्य. तिच्या हातात बंदूक दिली ती बशीरच्या सरकारने. आज दारफुरचं सोनं बाहेर जातं आणि शस्त्रं आत येतात. संयुक्त अरब अमिरातीवर आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप आहे, ते नाकारतात. इजिप्त लष्कराच्या पाठीशी आहे. भांडण घरातलं आणि दारूगोळा परक्यांचा, याला काय म्हणणार?

नीलकाठ
युद्ध पेटलं तेव्हा मी खार्टूमच्या बहरी भागात नोकरीला होतो. रमजानचा शनिवार होता, सकाळीच गोळीबार सुरू झाला. त्याच दिवशी बहरीचं जलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं आणि नळ कोरडे पडले. तिकडे बऱ्याच घरांबाहेर वाटसरूंसाठी झीर ठेवतात, आपल्या रांजणासारखा. आमच्या गल्लीतला झीर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाला गेला. समोरचे काका आणि त्यांचा मुलगा नाईलवरून कॅनमध्ये पाणी आणायला निघाले, वरून विमानं घिरट्या घालत होती. परत आल्यावर काकांनी आधी तो झीर अर्धा भरला, मग कॅन घरात नेले. त्या गल्लीत नुबा डोंगरातले होते, दारफुरचे होते, नदीकाठचे अरब होते. कुणी कुणाची जात विचारून पाणी दिलं नाही. भारत सरकारच्या ऑपरेशन कावेरी या सुटका मोहिमेत मला पोर्ट सुदानहून जहाजाने जेद्दाला आणलं. माझ्यामागे सरकार होतं म्हणून मी सुटलो. काका तिथेच राहिले. त्यांच्या युद्धाला यादवी म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

पाणवठा
दारफुरातल्याच अल-फाशर शहराचंही सांगते. मे 2024पासून आरएसएफचा वेढा होता, ऑक्टोबर 2025च्या अखेरीस शहर पडलं. मधल्या काळात लोकांनी 'अंबाझ' खाल्लं. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याची पेंड, आपण म्हशीला घालतो तीच. मोहल्ल्यातली पोरं वर्गणी काढून सामुदायिक चुली चालवत होती, तिथे तीच पेंड शिजायची. पुढे तीही मिळेना. शब्दांवर वाद घाला, पण या चुली चालवणाऱ्यांना दोन्हीकडच्या फौजांनी धरपकड करून छळलंय, हे विसरू नका.

माळरान
नीलकाठ, तुमच्या काकांपुढे मी हात जोडतो. पण ती शहरातली गल्ली होती. अल-जनीनात कोणत्या घरात कोण राहतं हे मारेकऱ्यांना कळलं, ते कुणीतरी ओळखीच्याने बोट दाखवल्याशिवाय कसं? बुरहान-हेमेटी उद्या तह करतील. त्यानंतर आद्रेच्या छावणीतली मसालीत बाई घरी परतेल आणि तिच्या दारात दुसराच माणूस उभा असेल. तिचा झगडा कुणाशी म्हणायचा?