थुंकी तपासणी निगेटिव्ह आली तरी डॉक्टर परत बेडका द्या म्हणतायत, असं का?

पायवाट_७७ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. बाबांना तीन आठवड्यांच्या वर खोकला आहे, संध्याकाळी अंगात बारीक कणकण असते आणि वजन तर इतकं उतरलंय की पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. थुंकीची स्लाइड तपासली, टीबी निगेटिव्ह. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण छातीच्या डॉक्टरांनी एक्सरे बघितला आणि म्हणाले, सकाळचा बेडका परत द्या, जीन एक्सपर्टला पाठवू. आता बाबा वैतागलेत, एकदा नाही आलं ना, मग परत परत काय तेच, असं म्हणतात आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांना नीट पटवता येत नाहीये. निगेटिव्ह म्हणजे नाहीच ना? आणि दुसरं म्हणजे एवढा जुना आजार आहे, मग रक्ताची एखादी टेस्ट करून काय ते एकदाचं का कळत नाही?

स्लाइडवाली

मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज हेच काम करते म्हणून लिहिते. दादा, मायक्रोस्कोपखाली टीबीचा जंतू दिसायला एक मिली बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर स्लाइड निगेटिव्ह येणार, आजार असला तरी. आम्ही स्लाइडवर लाल रंग टाकतो, खालून वाफ येईपर्यंत तापवतो, मग अ‍ॅसिडने धुतो आणि वरून निळा रंग देतो. बाकी सगळ्याचा लाल रंग धुतला जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही, त्यामुळे निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. निगेटिव्ह लिहायच्या आधी १०० फील्ड, म्हणजे स्लाइड सरकवत मायक्रोस्कोपमध्ये दिसणारे शंभर वेगवेगळे भाग, बघायची असतात, आणि कधीकधी शंभरात एकच काडी सापडते. जीन एक्सपर्ट मशीन जंतू बघत नाही, त्याचा डीएनए शोधतं, त्यामुळे मिलीमागे शे-सव्वाशे जंतू असले तरी पकडतं, त्यात सॅम्पल टाकायची नवीन डबी, अल्ट्रा कार्ट्रिज, वापरली तर त्याहून कमीसुद्धा. दोनेक तासांत रिपोर्ट, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही त्यातच कळतं.

पण माझं कळकळीचं सांगणं सॅम्पलबद्दल आहे. डबीत निम्म्या वेळा नुसती लाळ येते, पातळ, फेसाळ. त्यात मशीन तरी काय शोधणार? बाबांना सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढायला सांगा, घट्ट पिवळसर आलं तर ते खरं सॅम्पल. आणि हे उघड्यावर करा, बंद खोलीत किंवा बाथरूममध्ये नको, तिथली हवा नंतर दुसरं कोणीतरी घेणार.

साथरोग_विद्यार्थी

स्लाइडवाली ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी रक्ताच्या टेस्टचं सांगतो, कारण हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी सांगणाऱ्या टेस्ट होत्या, बऱ्याच विकल्याही गेल्या. त्यावरचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितल्यावर निघालं की त्या आजारी माणसाला नाही म्हणतात आणि धडधाकट माणसाला हो म्हणतात, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरूच नका असं स्पष्ट सांगितलं. कारण असं की जगातल्या साधारण चौथा हिस्सा लोकांना हा जंतू कधीतरी शिवलेला असतो, पण त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच पुढे आजार होतो. शरीराला जंतू माहीत आहे, एवढ्यावरून आज फुप्फुसात आजार चालू आहे की नाही हे ठरत नाही. इग्रा नावाची रक्ताची टेस्ट आहे, पण तीसुद्धा संसर्ग सांगते, आजार नाही.

आणि टेस्ट कितीही चांगली असली तरी ती कोणावर केली यावर रिपोर्टचा अर्थ बदलतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कागदावर करून दाखवतात. समजा एक लाख माणसं आहेत आणि त्यातली १०० आजारी आहेत. टेस्ट शंभरात ९९ वेळा बरोबर, दोन्ही बाजूंनी. आजाऱ्यांपैकी ९९ सापडले, छान. पण उरलेल्या ९९,९०० निरोगी माणसांत एक टक्का चूक म्हणजे ९९९ जण उगाच पॉझिटिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या अकरा जणांत खरा आजारी एकच. बाबांचं नेमकं उलट आहे, खोकला, ताप, वजन, वर एक्सरे, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय, अशा माणसाची एक कमजोर टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून शंका संपत नाही. डॉक्टर मागे लागलेत हे चांगलं लक्षण समजा.

उन्हाळी_मोगरा

मला दोनदा निगेटिव्ह आला होता, शेवटी कल्चरमध्ये, म्हणजे बेडक्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, निघाला, त्याला सहा आठवडे लागले कारण तो जंतूच हळू वाढतो. ते सहा आठवडे मी घरात सगळ्यांसोबत जेवत-झोपत होते, याचं आजही वाईट वाटतं. बाबांना समजवा, प्लीज.

पायवाट_७७

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलं तसं काल पहाटे बाबांना गच्चीवर नेलं, मी लांब वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहिलो. पहिल्यांदा लाळच आली, ती टाकून दिली, तिसऱ्या वेळी घट्ट आलं. आज रिपोर्ट, जंतू सापडला, रिफॅम्पिसिन चालतंय. गोळ्या आज संध्याकाळपासून सुरू. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त विचारलं की छकुलीला मी किती दिवस मांडीवर घेत होतो. छकुली म्हणजे बहिणीची मुलगी, तीन वर्षांची. तिचं काय करायचं आता?

साथरोग_विद्यार्थी

तिला याच आठवड्यात दाखवा, खोकला नसला तरी. पाच वर्षांखालच्या मुलांत संसर्गाचा आजार लवकर होतो आणि तो मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. आजार नाही अशी खात्री झाली की प्रतिबंधक औषध देतात. पूर्वी रोजची गोळी सहा ते नऊ महिने चालायची, लोक मध्येच सोडायचे, मग २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की दोन औषधं मिळून आठवड्यातून एकदा, असे १२ डोस नऊ महिन्यांइतकंच काम करतात. तिला यातलं कुठलं द्यायचं ते वय-वजन बघून डॉक्टर ठरवतील. आजार असल्याची शंका आली आणि तिला बेडका काढता आला नाही तर घाबरू नका, लहान मुलांच्या शौचावरसुद्धा एक्सपर्ट करता येतो. आई आणि घरातल्या बाकीच्यांनाही त्याच दिवशी घेऊन जा, वेगवेगळे गेलात की एखादा राहतोच.

स्लाइडवाली

आणि जाताना बाबांच्या रिपोर्टची प्रत न्या, छकुलीला कुठलं औषध लागू पडेल हे ठरवताना ती लागते.