तासाला विद्यार्थी गप्प का बसतात?

प्रश्न: मी पदवीच्या वर्गाला शिकवतो. "काही शंका?" असे विचारले की सारा वर्ग वहीत डोके खुपसतो आणि तास संपल्यावर मात्र तेच विद्यार्थी दाराशी घोळका करतात. काय करावे?

उत्तर १: विचारल्यावर आपण किती थांबता? अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना शालेय वर्गांच्या निरीक्षणात शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत असल्याचे आढळले होते. ते अंतर ३ सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागले.

उत्तर २: सर, मी विद्यार्थिनी आहे. माझ्या चुकीच्या उत्तरावर एका प्राध्यापकांनी नुसती भुवई उंचावली होती, त्यानंतर सत्रभर मी तोंड उघडले नाही.

प्रश्नकर्ता: आज मनात तीन आकडे मोजले. (फार अवघड गेले!) मागच्या बाकावरून एक हात वर आला.